तुलना करा : बुलबुल आणि दर्याचा नारळ

मराठीच्या प्राध्यापकाचे निम्मे आयुष्य तुलना करण्यात जाते आणि उरलेले निम्मे दुसऱ्यांनी केलेल्या तुलना तपासण्यात. ‘ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या भक्तिभावाची तुलना करा’, ‘केशवसुत व बालकवी यांच्या निसर्गदृष्टीतील साम्यभेद स्पष्ट करा’ असले प्रश्न मी वीस वर्षे काढीत आले आहे आणि त्यांची उत्तरेही वीस वर्षे तीच येत आहेत. “दोघेही थोर होते, परंतु दोघांच्या थोरवीत फरक होता,” हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांत वाचले आहे, की आता ते दिसले नाही तर विद्यार्थी आजारी होता की काय अशी शंका येते. तेव्हा या दिवाळीला एक प्रश्न स्वतःलाच घालावा असे मनात आले : ‘लालबुड्या बुलबुल व दर्याचा नारळ यांची तुलना करा. (गुण २०)’

वाचक म्हणतील, बाईंनी चिठ्ठ्या टाकून ही जोडी काढली की काय! तसे नाही. ही दोन्ही मंडळी मला एकाच छपराखाली भेटली, आणि ते छप्पर आमचे, कामथडीचे आहे.

कामथडी हे भोर तालुक्यातले, पुणे-सातारा रस्त्याच्या कडेचे गाव. इकडे नसरापूर, तिकडे कापूरहोळ. बनेश्वराला जाणारी मंडळी गावाच्या इतक्या जवळून जातात, तरी नाव विचारले तर सांगता यायचे नाही. वेगच इतका असतो. मी लहान असताना याच रस्त्यावर आम्ही चिंचा वाळत घालीत होतो. आता तो ओलांडायचा म्हणजे घरी सांगून निघावे लागते. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आमचे कौलारू घर. त्यात माझी काकी एकटी राहते. तिचे वय चौऱ्याहत्तर. काका जाऊन नऊ वर्षे झाली. एकुलता एक मुलगा कॅनडात. तो आता पंचेचाळिशीत आला. पण काकी त्याला अजून ‘बाळ’च म्हणते, म्हणून या लेखापुरते आपणही तसेच म्हणू.

या घराच्या देव्हाऱ्यात, खालच्या फळीवर, एक काळेभोर भांडे आहे. आकार होडीसारखा, दोन्ही टोकांना पितळी कड्या, वजनाला हलके, आणि बोटाने वाजवले तर लाकूड नाही, दगड नाही, असा भलताच आवाज देणारे. पणजोबांच्या वेळी एक गोसावी तापाने आजारी पडून सोप्यात महिनाभर राहिला. बरा होऊन जाताना आपले भिक्षापात्र ठेवून गेला, असे घरात सांगतात. आम्ही त्याला ‘गोसाव्याची होडी’ म्हणत असू. तो दर्याच्या नारळाचा कमंडलू आहे, हे मला पुढे कॉलेजात असताना कळले. मुंबईच्या जुन्या गांधी-काष्ठौषधीवाल्यांकडे याच वस्तूला जहरी नारळ म्हणत. विषावर उतारा म्हणून तो उगाळून देत. फकिराच्या हातातला कश्कोल पुष्कळदा याच कवचाचा असतो.

बुलबुलाची ओळख करून देण्याचे कारण नाही. तुमच्या गॅलरीतल्या तारेवर या क्षणी तो बसलेला असेल. डोक्यावर काळी शेंडी, अंग धुरकट, आणि शेपटीखाली कुंकवाचे बोट पुसल्यासारखा लाल डाग. पक्षिशास्त्रज्ञ त्याला गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळात घालतात. मला विचाराल, तर त्याचे गाणे हे गाणे नव्हे, आनंदी बडबड आहे. सकाळी नळावर भेटलेल्या दोन शेजारणींना तरी आपण गायिका कोठे म्हणतो? घोटाळा नावाने केला. फारसी काव्यातला गुलाबावर जीव टाकणारा जो बुलबुल, तो खरा नाइटिंगेल. अगदी वेगळा पक्षी. आपल्याकडच्या या शेंडीवाल्याला ते नाव फुकटात मिळाले, आणि त्याबरोबर न पेलणारी कीर्तीही.

पण नावाची खरी गंमत शास्त्रीय नावात आहे, आणि तुलनेचा पहिला मुद्दाही तोच. १७६६ साली लिनीअसने या पक्ष्याला नाव दिले, ते तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा रहिवासी आहे अशा समजुतीने. ‘काफेर’ हा शब्द त्यावरून आला, आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे एकदा दिलेले नाव बदलत नाही म्हणून आजतागायत चिकटून राहिला. पक्षी आपला, भारतातला, पत्ता आफ्रिकेचा. दर्याच्या नारळाचेही असेच. त्याच्या शास्त्रीय नावात ‘मालदीविका’ असे आहे. पण मालदीवात त्याचे एकही झाड मुळात नव्हते. तेथे समुद्रावर ही फळे वाहत येऊन लागत, एवढेच. कोठून येतात ते कोणालाच ठाऊक नव्हते. समुद्राच्या तळाशी हे झाड वाढते आणि तेथून फळे वर येतात, असे खलाशी शपथेवर सांगत. ‘दर्याचा नारळ’ हे नाव त्यातूनच पडले. किनाऱ्यावर सापडलेला नारळ मालदीवच्या राजाचा. दडवून ठेवणाऱ्याला जबर शिक्षा. इकडे युरोपातही त्याची इतकी नवलाई, की सम्राट दुसऱ्या रुडॉल्फसाठी १६०२ साली प्रागच्या एका कारागिराने या कवचाला सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा साज चढवून पाणी ओतण्याची झारी केली. ती आजही व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. एकाच फळाची एक करवंटी सम्राटाच्या मेजावर आणि दुसरी आमच्या गोसाव्याच्या हातात! नशीब नशीब म्हणतात ते हेच असावे.

शेवटी १७६८ साली फ्रेंचांना खरे घर सापडले. हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला, सेशेल्स नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या प्रास्लिन आणि क्युरियूझ या दोनच बेटांवर हा ताडाच्या जातीचा वृक्ष निसर्गतः वाढतो. दुसऱ्याच वर्षी एका फ्रेंच गलबताने नारळांचा ढीग भरून हिंदुस्थानच्या बाजारात आणला आणि भाव धाडकन कोसळले. शतकानुशतकांचे गूढ एका खेपेत किरकोळ विक्रीला निघाले. पुढे १८८१ मध्ये जनरल गॉर्डन, तोच खार्टुमचा, प्रास्लिनला गेला आणि हीच बायबलातली नंदनबाग, हेच ते निषिद्ध फळ, असा निर्णय करून मोकळा झाला. त्याला तसे का वाटले, हे ज्यांनी अखंड फळाचे चित्र पाहिले असेल त्यांना सांगायला नको; आणि ज्यांनी पाहिले नसेल त्यांना या घरगुती अंकात सांगता येणार नाही.

आता संसाराकडे वळू. माझ्या मते साम्यभेदाचे सगळे मर्म तेथे आहे.

बुलबुल म्हणजे सुटसुटीत संसार. चार काड्या, चार मुळ्या, एखादी सुतळी, की वाटीएवढे घरटे तयार. जागेबद्दल हट्ट नाही. मेंदीचे कुंपण चालते, कुंडी चालते, पडद्याची दांडी चालते. दोन-तीन गुलाबीसर, लाल ठिपक्यांची अंडी. चौदा दिवसांत पिले. आणखी बारा-चौदा दिवसांत पिले भुर्र. महिन्याच्या आत घर मांडून मोडूनही झाले. जमले तर त्याच हंगामात पुन्हा एकदा. खाणे फळाचे, किड्याचे, फुलांच्या पाकळ्यांचे, जे असेल त्याचे. खाल्लेल्या फळांच्या बिया पोटातून नेऊन तो मैलभर पलीकडे टाकतो. चंदनाची झाडे कुंपणाकडेला कोणी न लावता उगवतात ती याच्याच कृपेने. आणि डोंगरच्या डोंगर घाणेरीने भरून गेले आहेत, त्यातही त्याचा हात, नव्हे चोच, आहे. त्याला भलेबुरे कळत नाही. फळ पिकले आहे की नाही एवढेच कळते.

दर्याचा नारळ याच्या अगदी उलट. झाडांत नर निराळा, मादी निराळी. फळ धरू लागायला पंचवीसएक वर्षे तरी जायला हवीत. धरले की पिकायला सहा-सात वर्षे. आणि आत जे बी असते ते साऱ्या वनस्पतिसृष्टीत सर्वांत मोठे, वजन पंचवीस किलोपर्यंत! हे बी कोणता पक्षी नेणार? कोणता वारा उडवणार? ते आईच्या पायाशीच पडते. मग त्यातून दोरखंडासारखा एक जाड कोंब निघतो, जमिनीतून काही हात पुढे सरकतो, आणि तेथे रोप डोके वर काढते. तोवर त्याला अन्न पुरवते ते मागे राहिलेले बीच. आई आपल्या पानांची पन्हळ करून पावसाचे पाणी, धूळ, परागकण, पाखरांची विष्ठा, सगळे खोडावरून स्वतःच्या मुळाशी उतरवते. त्या बेटांची जमीन निकस. पण या झाडाच्या बुंध्याशी मात्र कसदार. त्यामुळे पोराला आईच्या अंगणात वाढण्यातच फायदा.

वाचकहो, येथे मला एकदम आपली आठवण झाली. आपली म्हणजे पांढरपेशा, दोन खोल्यांतून चार खोल्यांत आलेल्या आपल्या साऱ्यांची. माझ्या आजीला सात मुले होती. कोण कोठे जेवले, कोण कोणाच्या घरी झोपले, याचा हिशेब ती ठेवीत नसे. तो बुलबुलाचा संसार. आणि आपण? एकच बी, पण पंचवीस किलोचे! त्याला सहा-सात नव्हे, तब्बल पंचवीस वर्षे पिकवायचे. बालवर्गापासून शिकवण्या, दुधात बदाम, परीक्षेच्या दिवशी आईची रजा. घरातले सगळे पाणी पन्हळीने एकाच मुळाशी. हे मी हसण्यावारी नेत असले तरी माझ्या घरीही दुसरे काही चाललेले नाही. फरक इतकाच, की दर्याच्या नारळाचे पोर आईच्या अंगणात वाढते, आणि आपले, चांगले पिकले की, समुद्रापलीकडे जाते.

आणि इथे निसर्गाने एक विलक्षण अट घालून ठेवली आहे. ताजा, जिवंत दर्याचा नारळ पाण्यात बुडतो. तो इतका जड असतो की समुद्र ओलांडणे त्याच्या नशिबीच नाही. आतले बी कुजून पोकळ झाले की मगच तो वर येतो, तरंगतो आणि लाटांबरोबर देशोदेशींच्या किनाऱ्यांना लागतो. म्हणजे मालदीवच्या राजाने जपले ते, सम्राटाने मढवले ते, आमच्या गोसाव्याने मिरवले ते, सगळे आतून मेलेले. त्यांतला एकही कोठे रुजला नाही.

बुलबुलाला मात्र असली अट नाही. तो जाईल तेथे जिवंत जातो. आपल्याकडून जे गिरमिटिया मजूर फिजी बेटांवर उसाच्या मळ्यांत गेले, त्यांच्याबरोबर १९०३ च्या सुमारास तोही गेला, असे नोंदलेले आहे. अंगावरच्या कपड्यानिशी निघालेल्या माणसाने पिंजरा का बरोबर घ्यावा, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. सकाळी उठल्यावर ओळखीचा एखादा तरी आवाज कानी पडावा, एवढेच असेल. पुढे हा पक्षी त्या महासागरातल्या बेटाबेटांवर पसरला. हवाईत गेला, ताहितीत गेला. आणि तेथल्या बागा, तेथली पाखरे, सगळ्यांना त्याने जेरीस आणले. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परदेशी जीवांची एक यादी निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आय. यू. सी. एन.ने, प्रसिद्ध केली आहे. तीत आमचा हा गरीब लालबुड्या आहे. जोडीला साळुंकीही आहे. आणि त्याच संघटनेच्या दुसऱ्या यादीत, नष्ट होण्याच्या वाटेवर असलेल्या जीवांत, २०११ पासून दर्याचा नारळ ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. एक आरोपींच्या यादीत, दुसरा रोग्यांच्या यादीत, आणि दोन्ही याद्या ठेवणारा कारकून एकच! सेशेल्सवाल्यांनी तर आपल्याकडच्या शेंडीवाल्या शिपाई बुलबुलाला, तो एका बेटावर घुसला होता, गेल्या दशकात मोहीम काढून हटवले. गावाकडे लाडका आणि परमुलखात हद्दपार, असे माणसांचेही होते; पण तो विषय निराळा.

दर्याच्या नारळावर संकट कसले? तर माणसाचे, दुसरे कसले. आतल्या गराला पूर्वेकडच्या देशांत औषधासाठी मागणी, कवचाला प्रवाशांची. बी विकत गेले की रोप कोठून येणार? त्यात वणवे. झाड हळू, माणूस घाईचा. आता तेथे फळ विकायला सरकारी परवाना लागतो. प्रास्लिनवरची या झाडांची एक दरी १९८३ पासून जागतिक वारसा म्हणून राखलेली आहे. पण पंचवीस वर्षांनी फळणाऱ्या झाडाचे नुकसान पंचवार्षिक योजनेत भरून निघत नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही सारे कामथडीला जमलो होतो. सुटी हे निमित्त. खरे कारण म्हणजे रस्त्यालगतची जागा आणि घर मिळून एका गृहस्थांना हॉटेलसाठी हवे होते आणि भाव असा होता, की तो उच्चारताना आमचा दादा आवाज खाली आणीत होता. बाळचा कॅनडाहून निरोप होता : विकून टाकावे, आईने पुण्याला दादाकडे नाहीतर सरळ तिकडे यावे. त्याचे म्हणणे चूक नव्हते. काकीचे गुडघे गेले आहेत. रात्री-अपरात्री काही झाले तर कोण?

गृहस्थ संध्याकाळी सातला आले. सोप्यात सतरंजी घातली होती. वहिनीने दिव्याचे बटण दाबायला हात नेला, तोच काकी आतून ओरडली, “नको लावू! ती बसलीय.”

सोप्यातल्या दिव्याची तार तुळईवरून दोन वेढे घेऊन खाली येते. त्या वेढ्यात बुलबुलीने घरटे केले होते आणि अंड्यांवर बसली होती. काकीने तेथला दिवा नऊ दिवस लावला नव्हता. आणखी निदान पंधरा दिवस लावणार नव्हती. त्यामुळे लाखोंचा तो व्यवहार अंधारात सुरू झाला. गृहस्थ मोबाईलच्या उजेडात सातबारा वाचीत होते. आणि त्यांनी तो उजेड जरा वर केला की काकी “खाली धरा, भाऊ, खाली,” म्हणत होती. दादा कपाळाला हात लावून बसला होता. शेवटी गृहस्थच म्हणाले, “पाखरू उडू द्या. मग येतो.” चांगला माणूस असावा.

ते गेल्यावर जेवणे झाली आणि बोलता बोलता मी काकीला देव्हाऱ्यातल्या होडीची सारी कथा सांगितली. पिकायला सात वर्षे लागतात हे तिला एकदम पटले. “नऊ महिन्यांनी कुठं भागतं?” म्हणाली. पुढे जिवंत नारळ बुडतो आणि पोकळ झालेलाच समुद्रापार जातो, हेही सांगून झाले. वहिनी माझ्याकडे पाहू लागली. तिचा मुलगा, माझा भाचा, जानेवारीत जर्मनीला जायचा आहे. कोणी काही बोलेना. वर तारेवर पाखराने अंग हलवल्याचा आवाज आला.

काकी होडी मांडीवर घेऊन तिच्या कडेवरून अंगठा फिरवीत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “भरलेला असता तर गोसाव्यानं भिक्षा कशात घेतली असती?”

मी विद्यार्थ्यांना दृष्टांत शिकवते, आणि तो असा अंगावर उलटवता येतो हे मला माहीत नसते असे नाही. पण चौथी शिकलेल्या बाईने बाळच्या वतीने इतक्या झटपट उत्तर द्यावे, याचे मला फार कौतुक वाटले. वहिनी तर उठून तिला पाणीच घेऊन आली.

पिले जूनच्या पहिल्या आठवड्यात उडाली. काकीने फोन करून कळवले, आणि दिवा लावल्याचेही कळवले. गृहस्थ पुन्हा आले. काकीने त्यांना रस्त्याकडचे पाच गुंठे द्यायचे कबूल केले. घर आणि मागचे परसू मात्र नाही. त्यांना एवढ्यात हॉटेल बसेना. ते विचार करीत आहेत. काकी विचार करीत नाही. पावसाळ्याचे दोन महिने ती दादाकडे राहून गेली, गुडघ्यांना इंजेक्शने घेतली, आणि गौरी बसवायच्या आधी परत कामथडीला गेली. दिवाळीला बाळ येतो आहे, सहा वर्षांनी. तेव्हा हा विषय पुन्हा निघेल आणि कोणत्या बाजूने बोलायचे ते मला अजून ठरवता आलेले नाही. कारण बुलबुलाच्या बाजूने बोलावे तर तो कोणाच्या तारेवर राहतो हा प्रश्न उरतो. झाडाच्या बाजूने बोलावे तर काकीच्या गुडघ्यांचे काय?

परवा तिचा फोन आला. म्हणाली, “ते दर्याचं झाड आपल्याकडे लावता येतं का गं? परसात जागा आहे.”

मी म्हटले, “विकतात ते आतून पोकळ केलेले असतात, काकी. जिवंत बी मिळायचे तर सरकारी परवानगी, कागदपत्रे. आणि मिळाले, रुजले, तरी फळ धरायला पंचवीस वर्षे. वर पिकायला सात.”

पलीकडे ती बोटे मोजीत असावी.

“बत्तीस,” ती म्हणाली. “मग बाळला सत्त्याहत्तरावं लागलेलं असंल. तोवर रिटायर होऊन आला असंल की घरी. त्यालाच राखण करू दे.”